बीएसए एम२० (लष्करी मॉडेल) चं खरं रिपेअर मॅन्युअल कुठे मिळेल?

वाड्यातला
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतोय. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात मागच्या पडवीत एक मोटरसायकल तीस-बत्तीस वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. आजोबांनी १९५०-५५ च्या सुमारास डिस्पोजलमधून (लष्कराने विकायला काढलेल्या मालातून) घेतलेली, मिलिटरीची. त्यांच्यानंतर वडिलांनी काही वर्षं चालवली, मग बंद पडली ती पडलीच. आता वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती एकदा तरी सुरू व्हावी अशी माझी फार इच्छा आहे.

इंजिनवर नंबर कोरलाय त्याची सुरुवात डब्ल्यूएम२० अशी आहे, म्हणजे बीएसए ह्या ब्रिटिश कंपनीची एम२० हे एवढं कळलं. इथल्या बुलेटवाल्या मिस्त्रीला दाखवली, तो म्हणाला खोलतो पण पुस्तक असलं तर बरं, कारण हे आतलं काही मी बघितलेलं नाही. नेटवर एक पीडीएफ मिळालं. प्रिंट काढून आणलं तर त्यातल्या चित्रातला पुढचा चिमटाच वेगळा! माझ्या गाडीला पुढे एक मोठी स्प्रिंग आणि पट्ट्यांचा चिमटा आहे, चित्रात हल्लीच्या गाड्यांसारखे गोल पाइप.

तर प्रश्न असे. खरं मॅन्युअल कुठे मिळतं? नेटवरच्या पीडीएफवर विश्वास ठेवायचा का? आणि इंजिनचा नंबर आणि चॅसीचा नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे इंजिन बदललंय का?

निवांत पाटील
भाऊ आधी फोटो टाका!! असा धागा आणि फोटो नाही म्हणजे मटणाचं ताट आणि रस्सा नाही.

निवांत पाटील
आणि एक सांगतो, रागावू नका. मॅन्युअल शोधण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा जुना मिस्त्री शोधा. आमच्या कोल्हापुरात मामाच्या नॉर्टनचं काम करणारे एक मिस्त्री होते, त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं पण इंजिनवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडी कानाला लावायचे आणि सांगायचे बेअरिंग गेलंय की टॅपेट वाजतोय. ती माणसं पुस्तकावर शिकली नव्हती. साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, त्यात असं आहे काय न कळण्यासारखं?

लेथवाला काका
पाटील, तुमच्या त्या मिस्त्रींना माझा नमस्कार, तशी माणसं मी पण पाहिलीत, एकाच्या हाताखाली चार वर्षं शिकलोय. पण त्यांनी आयुष्यभर त्याच गाड्या उघडल्या होत्या हो. आज जो पोरगा ही गाडी उघडणार आहे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ती पाहिली आहे. त्याच्यासाठी पुस्तक पाहिजे म्हणजे पाहिजेच.

एक अनुभव सांगतो. माझ्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका युद्धकाळच्या गाडीचं क्रँककेस (इंजिनचं खालचं केसिंग) आलं. कुणीतरी नेहमीचे मेट्रिक पाने लावून सगळे नट गोल करून ठेवले होते आणि जिथे आटे सैल वाटले तिथे सरळ आठ एमएमचा टॅप मारला होता. अॅल्युमिनियमचं ऐंशी वर्षांचं केसिंग! ते भोक भरून, परत ड्रिल करून मूळ आटे पाडायला मला तीन दिवस लागले आणि तरी मनासारखं झालं नाही. ते केसिंग हातात घेतलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.

ह्या गाड्यांचे आटे ब्रिटिश. काही व्हिटवर्थ, काही बीएसएफ, आणि सायकल थ्रेड म्हणतात ते इंचाला सव्वीस आट्यांचे. व्हिटवर्थ आणि बीएसएफचा कोन पंचावन्न अंशाचा, आपल्या मेट्रिकचा साठ. बोल्ट दोन वेढे जातो आणि माणसाला वाटतं बसला. तो बसलेला नसतो, तो आटे खात असतो. पान्याचं पण तेच. पान्यावर १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस असं दोन्ही कोरलेलं असतं, तो पाना तोंडाला ०.५२५ इंच भरतो म्हणजे १३.३ एमएम. तेरा नंबरचा पाना जात नाही, चौदाचा घातला की नट गोल. तेव्हा वाड्यातले भाऊ, मॅन्युअल मिळेपर्यंत एकच करा, व्हिटवर्थ पान्यांचा सेट घ्या आणि तोपर्यंत कुणालाही गाडीला पाना लावू देऊ नका.

जुनाबाजार
काकांच्या शेवटच्या ओळीला दहा वेळा अनुमोदन.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला मिळालेलं पीडीएफ खोटं नाही, ते तुमच्या गाडीचं नाही एवढंच. एम२० युद्धानंतरही नागरी बाजारासाठी १९५५ पर्यंत बनत होती, आणि तिची मोठी बहीण एम२१ तर १९६३ पर्यंत. १९४८ पासून ह्यांना टेलिस्कोपिक चिमटा आला. नेटवर सगळ्यात जास्त फिरणारी पीडीएफं ह्या युद्धानंतरच्या मॉडेलांची आहेत. इंजिनचा खालचा भाग बराच तोच आहे त्यामुळे अगदीच निरुपयोगी नाही, पण चिमटा, वायरिंग, हेडलाइट ह्यासाठी त्याकडे बघू पण नका.

तुम्हाला दोन वेगळी पुस्तकं लागणार, एक नाही. पहिलं मेंटेनन्सचं, म्हणजे 'मेंटेनन्स मॅन्युअल अँड इन्स्ट्रक्शन बुक' अशा नावाचं, त्यात टॅपेटची फट किती, पॉइंटची फट किती, तेल कुठे घालायचं, हेड कसं उतरवायचं. दुसरं 'इलस्ट्रेटेड स्पेअर पार्ट्स लिस्ट', त्यात प्रत्येक भागाचा सुटा सुटा नकाशा आणि पार्ट नंबर. लोक पहिल्याच्या मागे धावतात पण माझ्या मते दुसरं जास्त मोलाचं. कुठला वॉशर कुठल्या बाजूला, स्प्रिंगच्या आधी कप की नंतर, हे फक्त त्या नकाशावरून कळतं.

मी स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार किती फेऱ्या मारल्यात त्याचा हिशोब नाही. मुंबईचा चोर बाजारही झाला. खरं सांगू का, अख्खं मॅन्युअल एकदाही मिळालं नाही. मिळालं काय तर पिटमन प्रकाशनाची छोटी हँडबुकं (घरी गाडी दुरुस्त करणाऱ्या मालकासाठी लिहिलेली, छान असतात), ल्युकासच्या मॅग्डायनोची (ठिणगी आणि दिव्यांची वीज देणारा जोड भाग) एक पातळ पुस्तिका, आणि एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात मॅचलेस जी३एल ह्या दुसऱ्या लष्करी गाडीच्या पार्ट्स लिस्टची मधली चाळीस पानं. ती अजून जपून ठेवलीयेत, कुणाला हवी असतील तर स्कॅन करून देईन, पैसे नकोत.

आणि सावध राहा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'ओरिजिनल रिप्रिंट' म्हणून मागवलं तर झेरॉक्सची झेरॉक्स आली. वायरिंगचा नकाशा मूळ पुस्तकात घडीचा मोठा कागद असतो, स्कॅन करणाऱ्याने घडी उघडलीच नव्हती, त्यामुळे अर्धा नकाशा गायब. घ्यायच्या आधी विचारा, घडीची पानं पूर्ण आहेत का.

पाना नंबर बारा
चॅसी-इंजिन नंबर जुळत नाहीत ह्याची काळजी करू नका. बीएसएचे हे दोन नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे असायचे. इंजिन बदललेलं असू शकतं, पण नुसते नंबर जुळत नाहीत हा त्याचा पुरावा नव्हे. डब्ल्यूएम मधला डब्ल्यू म्हणजे वॉर, १९४० पासूनचा. १९३९ च्या गाड्यांवर केएम२० असायचं. चॅसीचा नंबर हेडस्टॉकजवळ (हँडल बसतं तिथे), रंगाखाली गेलेला असतो, खरवडू नका, पेंट रिमूव्हरने हळूच काढा.

टाकीवर हिरव्या रंगाखाली कुठे 'सी' अक्षर आणि पुढे आकडे दिसतात का? ब्रिटिश वॉर डिपार्टमेंट मोटरसायकलींना सी ने सुरू होणारा सेन्सस नंबर, म्हणजे लष्कराचा नोंदणी नंबर, द्यायचं.

वाड्यातला
बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो टाकलेत बघा (सात आहेत, पडवीत उजेड कमी आहे).

टाकीवर तीन थर रंग आहे, वरचा काळा आजोबांनी मारलेला, 'सी' काही दिसला नाही अजून. एक गोष्ट विचारायची राहिली. पाय ठेवायचे फूटरेस्ट नुसते लोखंडी आहेत, रबर नाही, आणि हँडलच्या मुठींना रबराऐवजी कॅनव्हाससारखं जाड कापड आहे. हे आजोबांनी नंतर केलं असावं का? टाकीला वरच्या बाजूला उजवीकडे एक खाच पण आहे, अपघातात चेपली असेल असं वडील म्हणतात, पण चेपलेली वाटत नाही, फार नीट आहे.

पाना नंबर बारा
फोटो बघितले आणि खुर्चीतून उठलो! वाड्यातले, ते कापड आजोबांनी नाही लावलेलं, ते कारखान्यातलं आहे. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतला आणि ब्रिटिशांचं रबर तुटलं. मग मोटरसायकलींवरचं जमेल तितकं रबर काढलं, मुठी कॅनव्हासच्या, फूटरेस्ट लोखंडी. म्हणजे तुमची गाडी बहुतेक १९४२ किंवा त्यानंतरची. ऐंशी वर्षं ते कापड टिकलं ही केवढी गोष्ट आहे. कृपा करून ते काढून नवीन रबरी ग्रिप घालू नका.

आणि टाकीची खाच म्हणजे एअर फिल्टरच्या पाइपची जागा. धुळीच्या मुलखात पाठवायच्या गाड्यांना टाकीवर मोठा चौकोनी फिल्टर बसवायचे, त्याची नळी तिथून खाली कार्बोरेटरला जायची. फिल्टर गेलेला दिसतोय पण खाच सांगतेय.

निवांत पाटील
हे मात्र भारी. कापडावरून साल सांगितलं, मी शब्द मागे घेतो, निदान अर्धे.

स्नेहल_कॉव्हेंट्री
नमस्कार, मी मूळची सांगलीची, गेली बारा वर्षं कॉव्हेंट्रीत. नवऱ्याला जुन्या मोटरसायकलींचं वेड त्यामुळे माझेही रविवार त्यातच जातात, आणि आता मलाही त्या आवडायला लागल्यात :)

इथून मदत होईल असं सांगते. व्हिंटेज मोटर सायकल क्लब म्हणून इथे मोठी संस्था आहे, १९४६ पासूनची, बर्टन अपॉन ट्रेंटला त्यांचं ऑफिस आणि लायब्ररी आहे. बीएसए, ट्रायम्फ, एरियल ह्यांच्या कारखान्यांच्या जुन्या डिस्पॅच नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत. इंजिन आणि चॅसी दोन्ही नंबर स्वच्छ फोटोसकट पाठवले तर गाडीबद्दल माहिती मागता येते, आणि लायब्ररीतून मॅन्युअलची प्रत मिळू शकते. सभासद व्हावं लागतं, परदेशातूनही होता येतं. दुसरी जागा म्हणजे बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम. नाव रणगाड्यांचं असलं तरी त्यांच्या अर्काइव्हमध्ये लष्करी गाड्यांची छापील हँडबुकं भरपूर आहेत.

आणि ऑटोजंबल. म्हणजे आपल्या जुन्या बाजारासारखाच, शेतात तंबू ठोकून जुने पार्ट आणि पुस्तकं विकतात. तिथे चांगल्या रिप्रिंट दहा-पंधरा पौंडांना मिळतात, मूळ प्रत पाहिजे तर बरेच जास्त. पुढच्या महिन्यात आम्ही एका ऑटोजंबलला जाणारच आहोत. वाड्यातले दादा, इंजिन नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन्ही पुस्तकं शोधते. दिवाळीला माझे बाबा इथून परत येतायत, त्यांच्या बॅगेत टाकेन.

इथे राहून एक गोष्ट मनाला लागते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ह्या शहरावर बॉम्ब पडले त्यात ट्रायम्फचा कारखाना संपला, मग ते १९४२ मध्ये मेरिडनला गेले. पाचच दिवसांनी बर्मिंगहॅमला बीएसएच्या स्मॉल हीथ कारखान्यावर बॉम्ब पडले, रात्रपाळीची ५३ माणसं गेली. आणि तरी युद्ध संपेपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास एम२० बनल्या. त्यातली एक साताऱ्याच्या पडवीत उभी आहे हे वाचून आज दिवसभर तेच डोक्यात होतं.

अभ्यासू
स्नेहलताई, फार छान माहिती. एक शंका सगळ्यांसाठीच. ही पुस्तकं स्कॅन करून आपापसात वाटणं कायद्याने चालतं का? जुनाबाजार यांनी देऊ केलीयेत म्हणून विचारतो, टोकायचा हेतू नाही.

जुनाबाजार
चांगला प्रश्न. मी समजून घेतलंय ते असं, जी पुस्तकं ब्रिटिश वॉर ऑफिसने छापली त्यांना क्राउन कॉपीराइट, आणि छापलेल्या पुस्तकाला तो प्रकाशनाच्या वर्षानंतर पन्नास वर्षं चालतो. १९४३ चं पुस्तक १९९३ संपताना मोकळं झालं. पण कंपनीने स्वतः छापलेल्या पुस्तकांचं गणित वेगळं. त्यामुळे आधी मुखपृष्ठ बघावं कुणी छापलंय. आणि रिप्रिंट करणारी छोटी माणसं आहेत तिकडे, त्यांनी नकाशे साफ करून, घड्या उलगडून छापलेलं असतं, त्यांच्याकडून मिळत असेल तर विकतच घ्यावं असं माझं मत.

घाटमाथा
इथे कुणी फ्लाइंग फ्ली पाहिली आहे का? रॉयल एनफिल्डची १२५ सीसी, विमानातून पॅराशूटने लोखंडी पिंजऱ्यात बांधून टाकायचे ती? मला तिच्या मॅन्युअलचं वेड आहे. गाडी नाही, नुसतं पुस्तक बघायचंय.

निवांत पाटील
गाडी नाही पण मॅन्युअल पाहिजे. घाटमाथा, तुम्ही लग्नाआधीच बारशाचा पेढा मागताय.

घाटमाथा
पाटील 😄 वाचायला आवडतं हो. ती मूळ एका जर्मन डीकेडब्ल्यूच्या गाडीवरून काढलेली, दोन माणसं उचलून कुंपणापलीकडे टाकतील इतकी हलकी. एम२० मात्र १६७ किलोच्या आसपास, तिला उचलायला अख्खी आळी लागेल.

बरं, कामाचं बोलतो. वाड्यातले, कागदपत्रं आहेत का गाडीची? जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकीला व्हीए अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण पाच हजार. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो. तिथे 'मूळ स्वरूप' दाखवायला पार्ट्स लिस्टचे नकाशे फार उपयोगी पडतात, माझ्या एका मित्राने अधिकाऱ्यांसमोर पुस्तक उघडून चित्र आणि गाडी शेजारी शेजारी दाखवली होती.

वाड्यातला
आरसी पुस्तक आहे, आजोबांच्या नावावर, बॉम्बे स्टेटच्या काळातलं. जपून ठेवलंय आईने, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात.

स्नेहलताई, तुम्हाला व्यनि केलाय. काय बोलू, ओळख ना पाळख आणि तुम्ही एवढं करताय.

कॅप्टनची नात
मी इथे क्वचित लिहिते. पण हा धागा वाचून माळ्यावर चढले आणि एक वही काढली.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात डिस्पॅच रायडर होते, इटलीत. म्हणजे तारा तुटल्या, वायरलेस बंद पडला की मोटरसायकलवर निरोप घेऊन जाणारे. (कॅप्टन ते नंतर झाले, तेव्हा साधे शिपाई होते.) त्यांच्या ट्रेनिंगच्या काळातली एक लांबट वही आहे, पेन्सिलीने मराठीत लिहिलेली. शिकवणारे इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत सांगायचे, आजोबा रात्री बसून मराठीत उतरवायचे. त्यांना बीएसए आणि नॉर्टन दोन्ही शिकवल्या होत्या. काही ओळी जशाच्या तशा देते:

'सकाळी इंजन चालू झाल्यावर तेलाच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. तेल परत येताना दिसले पाहिजे. न दिसल्यास गाडी हलवू नये.'

'बी.एस.ए. टापेट: आत १०, बाहेर १२. इंजन गार पाहिजे.'

'प्वाइंट १२.'

'लिवर मागे घेऊन लात मारावी, नाहीतर गाडी लात मारते.'

शेवटची ओळ आम्हा नातवंडांना तोंडपाठ आहे. कुणाला ह्या आकड्यांचा उपयोग होईल का? मला त्यातलं काही कळत नाही, मी शिक्षिका आहे.

लेथवाला काका
ताई, तुम्ही काय काढलंत हे तुम्हाला माहीत नाही. उपयोग म्हणजे? हेच तर मॅन्युअल आहे!

आत १० म्हणजे इनलेट व्हॉल्व्हचा गॅप दहा थाउ, इंचाचा हजारावा भाग एक थाउ. बाहेर १२ म्हणजे एक्झॉस्टचा बारा. एम२० चे हेच आकडे आहेत. पॉइंट १२ म्हणजे मॅग्नेटोचा, ठिणगी देणाऱ्या भागाचा, पॉइंट गॅप बारा थाउ, बरोबर. लिव्हर म्हणजे हँडलवरचा अॅडव्हान्स-रिटार्डचा लिव्हर, ठिणगी आधी पडायची की उशिरा ते ठरवणारा. किक मारताना रिटार्ड करायचा, नाहीतर इंजिन उलटं फिरून किक पायावर येते, घोटा मोडलेली माणसं पाहिलीत मी.

आणि तेल परत येताना दिसलं पाहिजे, ही ओळ तर सोन्याची. ह्या गाडीत तेलाची टाकी वेगळी असते, पंप तेल इंजिनला देतो आणि दुसरा भाग खालून ओढून टाकीत परत टाकतो. झाकण उघडलं की परतीच्या नळीतून तेल पडताना दिसतं. दिसलं नाही तर एक मैलात इंजिन धरेल. वाड्यातले, तुमची गाडी तीस वर्षं उभी आहे, टाकीतलं तेल पंपातून हळूहळू झिरपून सगळं क्रँककेसमध्ये उतरलेलं असणार. किक मारायच्या आधी खालचा ड्रेन प्लग काढून ते सगळं सोडून द्या. खाली परात ठेवा, मोठी.

पाटील, तुम्ही म्हणालात मिस्त्री पाहिजे, मी म्हणालो पुस्तक पाहिजे. ही वही दोन्ही आहे.

निवांत पाटील
काका, आता उरलेले अर्धे शब्द पण मागे. ताई, त्या वहीची पानं कृपया नीट स्कॅन करून ठेवा. पेन्सिल पुसट होते.

अभ्यासू
अगदी. जुन्या वहीला फ्लॅटबेड स्कॅनरवर दाबू नका, शिवण तुटते. खिडकीजवळ दिवसाउजेडी, वरून सरळ फोटो काढा, फ्लॅश नको. प्रत्येक पानाचे दोन.

कॅप्टनची नात
करते. बावन्न पानं आहेत. काही ठिकाणी मोडीत लिहिलंय, ते मला वाचता येत नाही.

अभ्यासू
मोडी मी वाचतो. पाठवा.

घाटमाथा
इटलीतले मराठे म्हटलं की यशवंतराव घाडगे आणि नामदेव जाधव आठवतात, दोघांनाही तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस, १९४४ आणि १९४५. त्याच आघाड्यांवर रात्री दिवा झाकून निरोप नेणारी ही माणसं, ह्यांच्याबद्दल फारच कमी लिहिलं गेलंय.

वाड्यातला
(साधारण दोन महिन्यांनी)

मंडळी, उशीर झाला लिहायला, माफ करा. क्रमाने सांगतो.

स्नेहलताईंनी दोन्ही पुस्तकं पाठवली, त्यांच्या बाबांना भेटायला सांगलीला गेलो होतो, त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मेंटेनन्सचं पुस्तक रिप्रिंट आहे, पण पार्ट्स लिस्ट मूळ आहे, कुणाच्या तरी तेलाच्या बोटांचे ठसे आहेत पानापानावर. घडीचा वायरिंगचा नकाशा पूर्ण. जुनाबाजार म्हणाले ते शंभर टक्के पटलं, आमच्या मिस्त्रीने मेंटेनन्सचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि पार्ट्स लिस्टचे नकाशे भिंतीला चिकटवले (झेरॉक्स हो, मूळ नाही!). मुठीचं कॅनव्हास आणि लोखंडी फूटरेस्ट त्यात दाखवलेत. वडिलांना ते चित्र दाखवलं तर ते बराच वेळ नुसतं बघत बसले.

ड्रेन प्लग काढला. काका, तुम्ही मोठी परात सांगितली होती, तरी बदलावी लागली. काळं डांबरासारखं तेल, लिटरभर तरी. हेड उतरवलं, कार्बनचा थर साफ केला, पिस्टनच्या रिंगा चिकटल्या होत्या पण सिलिंडर चांगला निघाला. हेड उघडंच होतं म्हणून टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) पण डेप्थ गेजने बघून घेतलं, लिव्हर पूर्ण अॅडव्हान्स करून पिस्टन टोकाला यायच्या ७/१६ इंच आधी पॉइंट सुटायला हवा असं पुस्तकात आहे, म्हणजे ११.१ एमएम. आमचा चौदाला सुटत होता, कुणीतरी कधीतरी अंदाजाने बसवलेला. तसाच ठेवून किक मारली असती तर काय झालं असतं ते वहीत लिहिलेलंच आहे.

मॅग्नेटो पुण्याला रिवाइंड करून आणला. टॅपेट आत १०, बाहेर १२. पॉइंट १२. मिस्त्रीने फीलर गेज घालताना तेच शब्द मोठ्याने म्हटले, 'आत दहा, बाहेर बारा'.

काल संध्याकाळी अकराव्या किकला सुरू झाली. वडिलांना खुर्ची आणून दिली होती पडवीत, ते उठून उभे राहिले आणि काही न बोलता गाडीजवळ आले, वाकले आणि तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. मी त्यांना वहीबद्दल काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, नाना रोज बघायचे.

तेल परत येत होतं.

कॅप्टनची नात
🙏

स्नेहल_कॉव्हेंट्री
ऑफिसात वाचतेय आणि डोळे पुसतेय. व्हिडिओ टाका, आवाज ऐकायचाय.

पाना नंबर बारा
अकरावी किक!! अभिनंदन. टाकीवरचा काळा रंग काढताना घाई करू नका, एकेक थर ओल्या पॉलिश पेपरने. 'सी' निघाला तर लगेच कळवा.

अभ्यासू
वहीची मोडीतली नऊ पानं वाचून झाली. त्यातली तीन क्लचबद्दल आहेत, दोन पंक्चर काढण्याबद्दल, बाकी घरच्या पत्रांचे कच्चे मसुदे. ते ताईंनाच पाठवतो, इथे नाही टाकत. क्लचची तीन उद्या टाकतो.

वाड्यातला
क्लचची जरूर टाका, तिथेच अडलोय आता. पहिला गिअर टाकला की कर्र आवाज येतो आणि गाडी पुढे ओढते, क्लच पूर्ण दाबूनसुद्धा. प्लेटा चिकटल्यात की स्प्रिंगा वाकड्या बसल्यात कळत नाही.

लेथवाला काका
इतकी वर्षं उभी होती, प्लेटा चिकटल्या असतील. उघडा, पण स्प्रिंगांचे नट सारख्या वेढ्यांनी सोडा आणि कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवा. प्लेटा केरोसीनमध्ये धुवा, काचेवर ठेवून वाकल्यात का बघा. वाकली असेल तर रविवारी घेऊन या, दुकान बंद असतं पण मी असतो.